पेटी सासरी गेली, मी गेले नाही

माझी पेटी माझ्या आधी सासरी गेली. मी त्या दिवशी सकाळपासून रानात हुलगे उपटत होते. दुपार कलल्यावर घरी आले, तर खोलीच्या कोपऱ्यात जिथं माझी पत्र्याची पेटी असायची तिथं न सारवलेल्या जमिनीचा चौकोन तेवढा दिसत होता. भावजयीला विचारलं, तर ती चुलीत तोंड घालून बसली. माय म्हणाली, "दादाला इचार." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बाबा गेल्यापासून घरात त्याचाच शब्द चाले. तो अंगणात बाजेवर बसून मेंढरं कातरायची कातर दगडावर घासत होता. मान वर न करता म्हणाला, "पेटी गेली तुजी. सायकलीवर बांधून केजला नेली अन् परळीच्या गाडीवर चढवली. धर्मापुरीला उतरून घेतील ते लोक. आता पेटी म्होरं गेलीच हाय, तर तू कावून मागं राहतीस?" आणि परत कातर घासायला लागला.

सासर माझं धर्मापुरीच्या पलीकडं दोन कोसांवर. तिथं मी दोन वर्षं नांदले. त्या दोन वर्षांत माझा डावा हात दोनदा मोडला. पहिल्यांदा का मोडला ते आता आठवत नाही. दुसऱ्यांदा मोडला तो एक कोकरू दगावलं म्हणून. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधून दिल्या आणि त्या कामट्यांसकट मी माहेरी निघून आले. आजही माझी ओंजळ नीट होत नाही, पाणी डावीकडून सांडतं. माहेरी मी वर्षभर राहिले. दादानं मला वर्षभर जेवायला घातलं हे खरं. नवऱ्याला सोडून आलेली बहीण घरात ठेवली म्हणून लोक त्याला बोलत होते, त्याच्या दोन पोरी वाढत होत्या, पुढं त्यांच्या सोयरिकी जमवायच्या होत्या, हेही खरं. त्याची बाजू मला पाठ आहे. पण ती मी इथं लिहिणार नाही. ज्याला लिहायची असेल त्यानं आपलं पुस्तक लिहावं.

आमचं घर नांदूरघाटच्या अंगाला एका लहान गावात. धनगराचं घर, थोडी कोरडवाहू जमीन आणि साठ-सत्तर मेंढरं. त्या घरात गप्प असा एक क्षण नसायचा. दिवस उजाडायच्या आधी कोकरं ओरडायला लागत, मग दादा खाकरे, मग मायचा झाडू, मग पोरींची भांडणं, आणि या सगळ्यावर भावजयीच्या बांगड्यांचा आवाज. भाकऱ्या थापायचं काम माझ्याकडं होतं. सात-आठ माणसांच्या भाकऱ्या, शिवाय रानात न्यायच्या वेगळ्या, आणि कुत्र्याची एक. कोरड्यास म्हणून हुलग्याचं माडगं नाहीतर अंबाडीची भाजी, वर शेंगदाण्याची चटणी. सणावाराला मायच्या हातची येसराची आमटी असायची. ती आमटी भुरकताना दादासुद्धा माणसात येई. पेटी गेल्यावर त्या सांजेलाही मी भाकऱ्या थापल्या, सगळ्यांना वाढल्या, स्वतः दोन खाल्ल्या. भूक मारून निघणाऱ्यातली मी नाही. सकाळी दादा मेंढरं घेऊन गेला आणि मी अंगावरच्या लुगड्यानिशी केजच्या गाडीत बसले. केजला परळीची गाडी लागलेली होती, माजलगावचीही लागलेली होती. मी माजलगावच्या गाडीत चढले.

माजलगाव मला नवं नव्हतं. धरणाचं पाणी कालव्याला आलं, तिकडं ऊस झाला, तसे बाबा उन्हाळ्यात मेंढरं घेऊन त्या बाजूला जायचे. ज्याच्या शेतात मेंढरं बसवायची त्याला लेंडीखत मिळायचं आणि आपल्याला ज्वारी मिळायची. लहानपणी दोन उन्हाळे मी बाबांच्या मागं गेले होते. त्यात एक शेत गयाबाईचं होतं. गयाबाई विधवा बाई, अंगानं दणकट आणि जिभेनं त्याहून दणकट. तिचं गावातलं घर मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या, अगदी मागं. मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. मी कुणाची पोर हे सांगितलं, हात दाखवला, पेटीचं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मागली खोली रिकामी हाय. पर एक सांगून ठिवते. बाप्या माणूस उंबऱ्याच्या आत आला न्हाई पायजे. मंग तो भाऊ का असंना. लोकाला त्वांड हाय." मी म्हटलं, "मावशी, भावाला तर आधी येऊ द्यायचा न्हाई." ती हसली आणि पुढं आयुष्यभर हसत राहिली. अशी बाई मला दुसरी भेटली नाही.

खोली म्हणजे वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, एक खिडकी आणि एक दार. त्या दाराला आतून कडी होती. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होते आणि तोवर मी एकदाही आतून कडी लावून बसले नव्हते. माहेरी दाराला कडी बाहेरून, ती कुत्रं आत शिरू नये म्हणून. सासरी कडी होती, पण ती लावायचा अधिकार माझा नव्हता. पहिल्या दिवशी मी ती कडी लावली, काढली, परत लावली. मग गयाबाईनं दिलेल्या परातीत पीठ घेतलं आणि भाकऱ्या थापायला बसले. हाताला सवय होती, हात थापत गेला. टोपल्यात बघितलं तर अकरा भाकऱ्या. एकटीला किती पीठ लागतं हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. मी त्या अकरा भाकऱ्यांकडं बघत बसले, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली. कुणी खाकरत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. तीन दिवस मी शिळ्या भाकरीचा काला खाल्ला. चौथ्या दिवशी बरोबर दोन थापल्या, आणि दोन भाकऱ्यांसाठी चूल पेटवताना मला कसलीतरी लाज वाटली, जणू मी कुणाचं चोरून खात होते. ती लाज जायला दोन महिने लागले. गेली ती परत आली नाही.

काम मोंढ्यात लागलं. आडतीच्या दुकानांपुढं ज्वारी, तूर, हरभऱ्याचे ढीग पडलेले असायचे, आणि आम्ही दहा-बारा बाया चाळण्या आणि सुपं घेऊन दिवसभर धान्य साफ करायचो. नाकातोंडात भुस्कट जायचं, संध्याकाळी शिंकलं तरी तुरीची पिवळी धूळ निघायची. पण ते काम मला मानवलं. सूप पाखडताना तोंडानं काही बोलावं लागत नाही आणि मनातल्या मनात काय वाटेल ते बोलता येतं. मी मनात दादाशी बोलायचे. ज्वारीतले खडे बाजूला काढायचे आणि एकेका खड्याला एकेक शिक्षा सांगायचे. याच्या मिशीला आग लागू दे. याच्या मेंढरांना खरूज होऊ दे. हा म्हातारा होऊ दे आणि याला कुणी पाणी विचारू नये. घरी आल्यावर तेच मोठ्यानं सुरू व्हायचं. एकटं राहण्यातलं हे सुख एकट्या राहिलेल्यालाच कळेल: भिंतीशी मोठ्यानं भांडता येतं आणि भिंत मध्येच उठून जात नाही. गयाबाई पलीकडून ओरडायची, "आगं बाई, पुरं कर! तुज्या भावाला तिकडं उचक्या लागून जीव जाईल त्याचा." मी म्हणायचे, "जाऊ द्या, मावशी, तेवढंच एक काम वाचलं."

मी एक सराव सुद्धा केला होता. दादा कधी ना कधी येणार, हे मला दिसत होतं. आला की काय करायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. पाणी द्यायचं. पाणी तर वैऱ्यालाही द्यावं लागतं. पण बस म्हणायचं नाही. चहाचं विचारायचं नाही, मायचं विचारायचं नाही. सुट्टीच्या दिवशी, मोंढा बंद असला की, मी तांब्या हातात घेऊन दारात उभी राहायचे आणि रिकाम्या अंगणाकडं बघून तोंड कसं ठेवायचं ते बघायचे. आज मी हे माझ्या सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, आई, तुम्हाला तेव्हा कुणी समजावणारं नव्हतं का? होतं की. गयाबाई होती. तिनंच सांगितलं होतं की हनुवटी थोडी वर ठेव.

दोन वर्षं गेली. भाऊबीज आली, पंचमी आली, कुणी न्यायला आलं नाही. पहिल्या पंचमीला मी स्वतःला पुरणाची एकच पोळी केली आणि कडी लावून खाल्ली. दुसऱ्या पंचमीला तीन केल्या, दोन गयाबाईला दिल्या. मी साडी घेतली, आरसा घेतला, दुपारी झोपायला शिकले. गुळाच्या खड्याबरोबर कच्चे शेंगदाणे खाऊन जेवणाला सुट्टी द्यायला शिकले. सुखात होते मी, हे आता कळतं. तेव्हा मला वाटायचं की मी फक्त दादाची वाट बघतेय.

तो आला तो बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, गल्लीत माणसांची रीघ असताना. मी ओट्यावर बसून तूर निवडत होते. डोक्याला फेटा, हातात पिशवी, आणि दोन वर्षांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला. मी उठले, आत गेले, तांब्या आणला. पाणी दिलं. बस म्हटलं नाही. त्यानं पाणी प्यायलं आणि उंबऱ्यात पाय ठेवला, तशी पलीकडून गयाबाई कडाडली, "ओ पाव्हणं! भायेर! हितं बाप्यानला आत येता येत न्हाई."

"आवो, मी भाऊ हाय तिचा."

"तवा तर भायेरच."

गल्लीतल्या चार बाया थांबल्या. दादा उन्हात उभा राहिला. माझ्या दोन वर्षांच्या सरावाला असं फळ आलं की मला हसू दाबता येईना. त्यानं घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. भावजयीला मुलगा झाला होता. बाराव्या दिवशी बारसं केलं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, बापाच्या बहिणीचा. सख्खी आत्या माजलगावात तूर निवडत होती, म्हणून यांनी चुलत्याच्या पोरीला आत्या म्हणून उभं केलं आणि तिच्याकडून विजय असं नाव ठेवून घेतलं. त्या दिवसापासून पोर रडायला लागलं ते थांबायचं नाव घेईना. दूध ओढायचं, सोडायचं आणि किंचाळायचं. महिना झाला होता.

"माय म्हनती नाव मानवलं न्हाई त्याला," दादा म्हणाला. "म्हनती त्याला आज्ज्याचं नाव पायजे, अन् ते सख्ख्या आत्यानंच सांगाया पायजे. गावात समदे म्हनायलेत, सख्खी जित्ती असताना दुसरी उभी केली, तिचा तळतळाट लागला."

"लागला का?" मी विचारलं.

"शेवंते, लेकरू सुकायलंय."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. त्या दिवशी गाढव होण्यात मला काहीच कमीपणा वाटला नाही. मी त्याला परत सांगायला लावलं. म्हटलं, मला नीट ऐकू आलं नाही, गल्लीत गोंगाट आहे. त्यानं परत सांगितलं, या खेपेला मोठ्यानं. चुलत आत्या उभी केली हे चारचौघींत त्यानं आपल्या तोंडानं दोनदा कबूल केलं. मग मी म्हटलं, येते. लेकरासाठी गेले असं मी लोकांना नंतर सांगितलं, आणि थोडं ते खरंही आहे. पण मुख्य म्हणजे मला ते अंगण बघायचं होतं, त्या अंगणात मला मानानं बोलावताना सगळ्यांची तोंडं कशी होतात ते बघायचं होतं. एक अट घातली. "दिस मावळायच्या आत मला माजलगावच्या गाडीत बसवायचं. घे शपथ." त्यानं घेतली. लेकराची घेतली.

नव्यानं ठरवलेल्या बारशाच्या सकाळी मी तेलगाव, धारूर करत केजला आणि तिथून गावी पोचले. बाळासाठी जरीची कुंची घेतली होती. नवी साडी नेसले होते. गावातल्या बाया दारात येऊन बघत होत्या आणि मी मुद्दाम सावकाश चालत होते. अंगणात पाय ठेवला आणि माझी चाल तिथंच संपली. आमच्या बाजेवर माझा नवरा बसला होता. किसन. नवा फेटा, नवं धोतर. त्याच्या शेजारी भिंतीला टेकून त्याची आई. समोर घोंगडीवर भावकीतले पाच-सहा जण, मध्ये आमचे तात्या, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, ज्यांचा शब्द पंचात शेवटचा. बाहेर बैलगाडी जुंपून उभी होती, तिच्यात ताजा कडबा पसरलेला होता, म्हणजे लांबच्या प्रवासाची तयारी.

दादा माझ्या नजरेला नजर देत नव्हता. म्हणाला, "आता समदे जमलेतच तर मिटवून टाकू. बारसं झालं की जा त्यांच्यासंगं. पुना हात लावनार न्हाई म्हनलाय तो."

"लेकराची शपथ घेतलीतीस तू."

"तुज्या भल्यासाठीच घेतली."

मी दाराकडं बघितलं. दारात गाडी आडवी होती. गावातून फाट्यापर्यंत जायला अर्धा तास, आणि मला ओढत आणायला दोन माणसं पुरे होती. माझा डावा हात ठणकायला लागला, उगीचच, तिथं कुणी हात लावला नव्हता. डोळ्यापुढं माझी खोली आली. मी बाहेरून कुलूप घातलं होतं आणि किल्ली माझ्या कमरेला होती. संध्याकाळी मी त्या खोलीत असेन की गाडीतल्या कडब्यावर, हे पुढच्या तासाभरात ठरणार होतं. माय माजघराच्या दारात उभी होती. तिला दादापुढं बोलता येत असतं तर पेटी गेली त्या दिवशीच बोलली असती.

आतून बायांनी हाक मारली, "आत्याबाई, चला, पोर वरडायलंय." आणि खरंच ते ओरडत होतं. एवढासा जीव, तोंड लालभडक, मुठी आवळलेल्या. भावजयीचे डोळे खोल गेले होते. तिनं मला बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्या पाया पडली. पाळणा माजघरात बांधला होता, पण दार उघडं असल्यानं अंगणातल्या पुरुषांना सगळं दिसत होतं. बायांनी लेकराला पाळण्याखालून, वरून एकमेकींकडं दिलं, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत. मग पाळण्यात घातलं. मी कुंची बांधली. आता मी वाकायचं, कानात नाव सांगायचं आणि मागून बायांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्क्या घालायच्या, अशी रीत. बायांच्या मुठी तयार होत्या. मी वाकले. आणि सरळ उभी राहिले.

"काडी मोडल्याबिगर मी नाव सांगणार न्हाई," मी म्हटलं.

आमच्यात तेव्हा नवराबायको मोकळे व्हायचे ते असे: पंचांसमोर नवऱ्यानं एक काडी मोडून टाकायची, की सोयरीक तुटली. काडीमोड मागायची ती पुरुषानं. बाईनं पाळण्याशी उभं राहून मागितलेली कुणी ऐकली नव्हती. पाळण्यात पोर रडतच होतं.

दादा दारात आला. "शेवंते, तमाशा करू नगं. मान दिला म्हनून डोक्यावर बसतीस?"

"मंग दुसरी आत्या आन," मी म्हटलं. "मागल्या टायमाला आनली व्हती की."

त्यानं हात उगारला. उगारलेला हात तसाच राहिला, कारण मारून मला बोलतं करता येणार नव्हतं हे त्याच्याही ध्यानात आलं. तेव्हा मला जे वाटलं ते लिहिते: मला फार बरं वाटलं. लेकरू डोळ्यांदेखत रडत होतं आणि मी ढिम्म उभी होते, याची मला तेव्हा लाज वाटली नाही. त्या घरानं माझ्याकडं एकदाच काहीतरी मागितलं होतं आणि ते माझ्या तोंडात होतं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

बोलली ती भावजय. पेटी गेली त्या दिवशी चुलीत तोंड घालून बसलेली हीच बाई. ती उठली, डोक्यावरचा पदर पडला त्याचं भान नाही, आणि पुरुषांच्या अंगणात जाऊन किसनसमोर उभी राहिली. "मोडा वो काडी!" ती किंचाळली. "माजं लेकरू मरायलंय अन् तुमी फेटा बांधून बसलाव! मोडा!" दादा तिला मागं ओढायला गेला तर तिनं त्याचा हात झटकून टाकला. भावकीतले एकमेकांकडं बघायला लागले. लेकराच्या जिवाचा विषय निघाला की पंचही आधी बाप असतात.

तात्यांनी गोठ्याच्या छपरातलं एक काड ओढून काढलं आणि किसनच्या हातात दिलं. म्हणाले, "मोड बे. नांदनारी असती तर तीन साल वाट बघाया लागली असती का?"

माझी सासू म्हणाली, "मंग आमी काय रिकाम्या हातानं जायचं?"

तात्या म्हणाले, "पेटी हाय की तुमच्याकडं. ती फुकटच ठिवून घेतलीया."

किसननं काडी मोडली. इतका बारीक आवाज झाला की रडण्यात तो मला ऐकूही आला नाही, पण तिचे दोन तुकडे मातीत पडलेले मी बघितले. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. पाच वर्षं मी ते घेतलं नव्हतं, मोंढ्यात बाया चिडवायच्या तरी घेतलं नव्हतं. मी माजघराच्या दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "किसन, ऊठ. बाज माझ्या बापाची हाय." आणि तो उठला. काय करणार? उठला बिचारा. त्याचा तो उठतानाचा चेहरा मी जपून ठेवलाय. बरं वाटेनासं झालं की आजही काढून बघते.

मग मी पाळण्यावर वाकले आणि लेकराच्या कानाशी तोंड नेलं. बायांनी माझ्या पाठीत अशा बुक्क्या घातल्या की दोन दिवस पाठ दुखली. मी सरळ होऊन नाव पुकारलं, "धोंडिबा!" बाबांचं नाव. मायनं डोळ्यांना पदर लावला. घुगऱ्या वाटल्या, त्या मी पदरात घेतल्या, पण जेवायला थांबले नाही. येसराची आमटी चुलीवर होती, सगळ्या घरात तिचा वास सुटला होता, आणि ती सोडून निघणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं. फाट्यापर्यंत तात्या सोबत आले. दादा आला नाही. गाडीत मी घुगऱ्या खाल्ल्या आणि दिवस मावळायच्या आत माजलगावात उतरले.

पोर काही गप्प झालं नाही. आठ दिवसांनी भावजय एकटीच त्याला घेऊन माझ्या दारात आली, नवऱ्याला न विचारता. मी तिला बस म्हटलं. दोघी मिळून त्याला डॉक्टरकडं घेऊन गेलो. डॉक्टरनं कानात बघितलं आणि आमच्याकडं असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. कान आतून पिकला होता. महिनाभर ते लेकरू ठणक्यानं रडत होतं आणि आम्ही सगळे शहाणे नाव बदलत बसलो होतो. मी तर त्याचं रडणं हत्यारासारखं वापरलं होतं. त्याची मला शरम वाटली, अजून वाटते. औषधाच्या थेंबांनी तिसऱ्या दिवशी ते माझ्या मांडीवर झोपलं, माझ्याच खोलीत. दादाच्या बाबतीत मात्र मला कसलीच शरम वाटली नाही. तो आजही लोकांना सांगतो की नावाचा गुण यायला जरा वेळ लागला. धोंडिबा आता स्वतःला डी. के. म्हणवून घेतो, परळीला नोकरी करतो आणि दिवाळीला आधी माझ्याकडं येतो, मग बापाकडं जातो. तो क्रम मी त्याला शिकवलेला नाही. पण मोडायलाही सांगितलेलं नाही.

पुढं मी अंगणवाडीत लागले, दुसरं लग्न केलं, लेकरं झाली, ते सगळं वेगळं. दादाला मी माफ केलं का, असं लोक विचारतात. माणूस म्हातारा झाला की त्यानं सगळ्यांना माफ करत सुटावं अशी लोकांची अपेक्षा असते, म्हणजे त्यांना पुढं जेवायला बसता येतं. मी केलेलं नाही. आणि एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती, ती सांगते. भावजयीला वाटतं, नावाच्या आधी मी लेकराच्या कानात देवाचं काही पुटपुटले. देवाचं नव्हतं. बायांच्या बुक्क्या पाठीत पडत होत्या, दादा दारात उभा होता, आणि मी त्या एवढ्याशा कानात म्हणाले होते, "रड, बाळा. तुज्या बापाला ऐकू येईस्तोवर रड. मला एवढं मोठ्यानं जमलं न्हाई."